गरम होते आणि ओढत नाही

सेकंडहँड स्लेड (स्नोमोबाइल) घेऊन आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या माणसाची तक्रार बहुधा दोन वाक्यांत संपते. गरम होते. आणि ओढत नाही. हे ऐकलं की आमचे उस्ताद हातातलं काम खाली ठेवतात, चिंधीला हात पुसतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "ही कुठून आणलीस?" किती चालली, कितीला पडली, कोणत्या सालची, हे सगळं नंतर. गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा गप्पा मारतोय. खरं तर तपासणी सुरू झालेली असते.

मी काम करतो ते गाव रेव्हलस्टोक. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कोलंबिया नदीच्या काठी, ट्रान्स-कॅनडा हायवेवर. गावाची उंची जेमतेम ४८० मीटर, पण चहूबाजूंचे डोंगर दोन-अडीच हजार मीटरपर्यंत चढत गेलेले. जवळच्या माउंट कोपलंडवर १९७१-७२ च्या हिवाळ्यात २४ मीटरहून जास्त बर्फ पडला होता. कॅनडातला तो विक्रम आहे. बोल्डर आणि फ्रिस्बी रिज ही इथल्या स्लेडवाल्यांची दोन मोठी ठिकाणं. आपल्याकडची मंडळी गुलमर्गला किंवा सोलांगला सहलीत ज्या स्नो स्कूटरवर बसतात, तीच स्लेडची जात, फक्त डोंगरासाठी बांधलेली. पुढे दोन स्की, मागे रबरी ट्रॅक. ट्रॅक १६३ इंचांचा, म्हणजे चार मीटरहून लांब, आणि त्यावर अडीच-तीन इंच उंचीचे पॅडल. इंजिन ८०० सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, दीडशेच्या आसपास हॉर्सपॉवर. कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फातून उभा चढ चढायचा तर एवढी ताकद लागतेच.

या गाडीला आपल्या ओळखीचा रेडिएटर नसतो. ट्रॅक ज्या ॲल्युमिनियमच्या टनेलखाली फिरतो, त्या टनेलच्या छतालाच पोकळ पट्ट्या बसवलेल्या असतात आणि कूलंट त्यांतून फिरतं. खालून ट्रॅक बर्फ उडवतो, तो पट्ट्यांवर आपटतो, वितळतो आणि उष्णता घेऊन खाली पडतो. म्हणजे गाडी जो बर्फ तुडवते, त्याच बर्फावर तिचं इंजिन गार राहतं. डोंगरी स्लेड हलकी हवी म्हणून या पट्ट्याही कमीत कमी ठेवलेल्या. मऊ पावडरमध्ये, म्हणजे भुसभुशीत बर्फात, त्या पुरून उरतात. अडचण असते ती वर पोचण्याच्या रस्त्यावर. पार्किंगपासून वरच्या मोकळ्या उतारांपर्यंत जाणारा रस्ता मशीनने दाबून सपाट केलेला असतो, आणि शेकडो ट्रॅक फिरून दुपारपर्यंत तो फरशीसारखा टणक होतो. अशा रस्त्यावर ट्रॅक कितीही फिरला तरी वर उडायला बर्फच नसतो. म्हणून गाडीखाली स्क्रॅचर लावतात, स्प्रिंगच्या तारेचे दोन आकडे. ते रस्ता खरवडत जातात आणि त्याचा चुरा ट्रॅकखाली उडतो. साधी वस्तू, पण ती नसली तर निम्म्या चढावर तापमानाचा लाल दिवा लागतो.

एके दिवशी अशीच एक गाडी सास्काचेवान या सपाट प्रांतातून आली. ती घेऊन येणारा पोरगाही तिकडचाच, शेतीची अवजारं विकणाऱ्या दुकानात कामाला, डोंगरात त्याचा पहिलाच मोसम. गाडी त्याने तिकडच्याच एका माणसाकडून घेतली होती. आमच्याकडे येण्याआधी त्याने बरंच करून पाहिलं होतं. नवे प्लग, नवा बेल्ट, नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट. सगळ्या पावत्या एका पाकिटात नीट ठेवलेल्या. "आता फक्त वॉटर पंप राहिलाय," तो म्हणाला. "मागवून टाकू का?"

"काही मागवू नकोस. डोंगरावर काय होतं ते सांग. पार्किंगपासून सुरू कर."

पोराने सांगितलं. सुरू व्यवस्थित होते. निम्म्या रस्त्यावर लाल दिवा लागतो. तो थांबतो, हाताने टनेलवर बर्फ टाकतो, वाट बघतो, परत निघतो. वर पावडरमध्ये पोचल्यावर तापमान उतरतं. पण तिथेही पूर्ण रेस दिली तरी आरपीएमचा काटा ७,३०० च्या पुढे जात नाही. मित्राची गाडी त्याच मॉडेलची. तिचा काटा ८,००० ला जाऊन उभा राहतो. मित्र चढ चढून वर जातो, याची गाडी अर्ध्यावर दम टाकते.

"वर पावडरमध्ये, ७,३०० होते तेव्हा तापमान किती होतं?"

"तेव्हा नॉर्मल होतं."

"नक्की?"

"नक्की. मी मुद्दाम बघितलं होतं."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. या कामातला अर्धा निकाल त्या एका उत्तरात होता, आणि तो का होता हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

इंजिन फार तापलं की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःहून इग्निशनचं टायमिंग मागे घेतो आणि आरपीएम आवळतो, पिस्टन वाचावा म्हणून. त्यामुळे बहुतेकांची समजूत अशी होते की गरम होण्यामुळेच गाडी ओढत नाही, आणि गरम होणं थांबलं की दुसरी तक्रार आपोआप मिटेल. मग पैसे सगळे कूलिंगवर खर्च होतात. उलट बाजूही खरी आहे. आरपीएम कमी म्हणजे ट्रॅकचा वेग कमी, ट्रॅक हळू फिरला की बर्फ कमी उडतो, बर्फ कमी उडाला की गाडी तापते. दोन दुखणी एकमेकांना पोसत राहतात आणि बघणाऱ्याला एकच आजार दिसतो. पोराच्या उत्तराने ती दोन्ही वेगळी झाली. तापमान उतरल्यावरही काटा ७,३०० लाच अडकत होता, म्हणजे कमी आरपीएमचं मूळ उष्णतेत नव्हतं. आम्हाला एक नाही, दोन कारणं शोधायची होती. किंवा दोनाहून जास्त.

पहिलं काम मात्र दोन्हींच्या आधीचं. वारंवार तापलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन ओरबाडलेला असू शकतो, आणि तो तसा असेल तर बाकी सगळी मेहनत वाया. प्लग काढून दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. दोन्ही एकमेकांच्या अगदी जवळ, जिथे असायला हवं तिथेच. मग एक्झॉस्ट पोर्टमधून कॅमेऱ्याची नळी आत घालून पिस्टनची बाजू पाहिली. उष्णतेने पिस्टन पकडायला लागला की उभे ओरखडे सर्वांत आधी एक्झॉस्टच्या बाजूला दिसतात, कारण ती बाजू सर्वांत जास्त भाजते. ओरखडे नव्हते. पोराने दिवा लागला की थांबायची शिस्त पाळली होती म्हणून इंजिन वाचलं होतं. त्याला मी ते तिथेच सांगितलं.

मग उस्ताद गाडीच्या मागे उकिडवे बसले. हे त्यांचं नेहमीचं. इंजिनाच्या बाजूने सगळेच बघतात, ते मागून सुरुवात करतात. मागचा स्नो फ्लॅप निम्म्याहून जास्त गायब होता. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. कड फाटलेली नव्हती, सरळ होती. कुणीतरी सुरीने कापला होता. खोल बर्फात गाडी मागे घेताना फ्लॅप ट्रॅकखाली जाऊन अडकतो, म्हणून कंटाळून तो कापणारे बरेच आहेत. पण फ्लॅपचं काम फक्त मागच्या माणसाच्या तोंडावर बर्फ उडू न देणं एवढंच नाही. ट्रॅकने मागे फेकलेला बर्फ तो अडवतो आणि टनेलच्या मागच्या भागातल्या पट्टीवर वळवतो. फ्लॅप कापला की तो बर्फ सरळ मागे उडून जातो आणि कूलरची ती बाजू कोरडी राहते. स्क्रॅचरही नव्हते. ते जिथे बसतात तिथे दोन रिकामी भोकं आणि त्यांच्याभोवती गंजाचा गोल डाग, एवढंच शिल्लक.

"मग तिकडे सास्काचेवानला ती तापत कशी नव्हती?" पोराने विचारलं. प्रश्न चांगला होता. तिकडे हिवाळ्यात उणे २५ च्या खालची थंडी पडते, गाडी मोकळ्या शेतांवरच्या सैल बर्फातून वेगात जाते, आणि समोर चढ नसतो. तिथे या गाडीला फ्लॅप आणि स्क्रॅचर यांची गरजच पडली नव्हती. दोष गाडीत तेव्हापासून होता, डोंगराने तो उघडा केला.

तिसरी गोष्ट हाताला लागली. इंजिन सुरू ठेवून ते गरम होऊ दिलं आणि टनेलवरून हात फिरवला. पुढचा भाग चांगला गरम, मागचा थंडगार. कूलंटच्या बाटलीत पातळी बरोबर होती, तरी मागपर्यंत कूलंट पोचतच नव्हतं. पोराने थर्मोस्टॅट बदलला, कूलंट भरलं, झाकण लावलं, पण एअर काढली नव्हती. पाइपात हवेचा फुगा अडकला की पंप कितीही चांगला असला तरी कूलंट त्याच्या पलीकडे जात नाही. गाडीचं नाक वर उचलून ठेवलं, एअर काढायचा स्क्रू सैल केला, इंजिन मंद चालू ठेवलं. आधी फसफस, मग बुडबुडे, मग बारीक धार. बाटलीत कूलंट भरत राहिलो. थोड्या वेळाने टनेलचं मागचं टोकही हाताला ऊन लागायला लागलं. ज्या वॉटर पंपासाठी पोरगा पैसे मोजायला तयार होता, तो पंप पहिल्यापासून ठणठणीत होता.

इथे थर्मोस्टॅटविषयी थोडं बोलतो, कारण तो विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी साताऱ्याकडचा. मी जिथे काम शिकलो त्या गॅरेजमध्ये खंबाटकी घाटात गरम होणारे ट्रक यायचे, आणि त्यावर ठरलेला इलाज असायचा: थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाक. पाणी मोकळं फिरतं, काटा खाली येतो, ड्रायव्हर खूश. इकडेही तोच सल्ला स्लेडवाल्यांत फिरतो, आणि इकडे तो जीवघेणा ठरतो. एका माणसाने तसं केलं होतं. टणक रस्त्यावर गाडी तापलेली, समोर मऊ बर्फ दिसला म्हणून त्याने थेट त्यात घातली, पूर्ण रेसवर. पट्ट्यांवर एकदम भरपूर बर्फ पडला, आतलं कूलंट क्षणात गार झालं, आणि ते गार कूलंट अडवायला मध्ये कुणी नसल्यामुळे तसंच तापलेल्या सिलिंडरभोवती गेलं. सिलिंडर आकसला, आतला पिस्टन मात्र अजून भाजलेला आणि फुगलेला. दोघांमधलं अंतर केसाएवढंच असतं. इंजिन जागच्या जागी सीझ. थर्मोस्टॅट त्या क्षणासाठी असतो. गार कूलंटला तो दारातच थोपवतो आणि हळूहळू आत सोडतो. सकाळी कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू करून लगेच पूर्ण रेस देणाऱ्यांचंही हेच होतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन आधी तापून फुगतो, सिलिंडर मागे राहतो. उघडलं की पिस्टनवर चार ठिकाणी उभे ओरखडे सापडतात. ते बघून आम्ही न विचारता सांगतो की गाडी गरम न करता पळवली.

परत त्या गाडीकडे. नवा फ्लॅप लावला, स्क्रॅचर लावले, एअर काढली, आणि गाडी डोंगरावर नेऊन बघितली. उस्तादांचा एक नियम आहे, तो ते मोडत नाहीत: एका वेळी एकच दुखणं हातात घ्यायचं आणि बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर नेमकं कशाने सुधारली हे कधीच कळत नाही. आणि बिघडली तर आणखीच पंचाईत. तोच टणक रस्ता, दुपारची वेळ, आणि तापमानाचा काटा शेवटपर्यंत मधल्या पट्ट्यात राहिला. लाल दिवा लागलाच नाही. वर पूर्ण रेस दिली. ७,३००.

पोराचा चेहरा पडला. उस्तादांना बरं वाटलेलं दिसलं, कारण आता दुसरी तक्रार एकटी समोर उभी होती.

आरपीएम कमी असण्याची कारणं खूप असतात आणि ती सगळी महाग नसतात. एअरबॉक्सचंच घ्या. एका बाईंची स्लेड उन्हाळाभर शेडमध्ये उभी होती. मोसमाच्या सुरुवातीला ती रेस घेईना. आम्ही एअरबॉक्स उघडला तर आत उंदराने घर केलेलं, सीटचा फोम, सुकलेलं गवत आणि कुठल्याशा लोकरी मोज्याचे धागे. इंजिनाला श्वासच घेता येत नव्हता. कधी हवेच्या जाळीवर पावडर चिकटून ती बंद होते, कधी रेसची केबल ताणलेली असते आणि अंगठा पूर्ण दाबला तरी थ्रॉटल पूर्ण उघडत नाही. कधी रीड व्हॉल्व्हच्या पाकळीचा टवका उडालेला असतो. हे सगळं आम्ही आधी पाहिलं. या गाडीत त्यातलं काही नव्हतं.

मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढले. टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्टच्या वाटेत एक पातळ पाती असते. कमी आरपीएमला ती खाली राहून वाट लहान ठेवते, आरपीएम वाढले की वर सरकून वाट पूर्ण उघडते. ती मध्येच अडकली की गाडी सात हजारांच्या आसपास घुटमळते. दोन्ही पाती डांबरासारख्या काळ्या चिकट थराने माखलेल्या होत्या. एक तर बोटाने ढकलूनही नीट सरकेना. हा थर जळलेल्या टू-स्ट्रोक ऑइलचा. निम्म्या रेसवर, सपाट वाटांवर, तासन् तास संथ चालवलेल्या गाडीत तो हमखास साठतो. उस्तादांनी पाती पोराच्या हातात दिली आणि म्हणाले, "बघ, मागच्या मालकाने गाडी कशी चालवली ते इथे लिहिलंय." क्लीनरमध्ये भिजवून, हिरव्या घासणीने घासून धातू उघडा केला, परत बसवल्या. पुढच्या फेरीत काटा ७,५०० ला गेला. फरक पडला, पण आठ हजार अजून लांब.

आता राहिला क्लच. या गाडीतला माझा सर्वांत आवडता भाग हाच, आणि तो समजावून सांगायला मराठी माणसाला परकी उदाहरणं लागत नाहीत. ज्याने ॲक्टिव्हाचा व्हेरिएटर उघडलेला पाहिलाय, किंवा त्याआधीची टू-स्ट्रोक कायनेटिक होंडा, त्याला हे लगेच कळेल. गिअर नाहीत. दोन पुली आणि मध्ये एक बेल्ट. स्कूटरमध्ये इंजिनाकडच्या पुलीत रोलर असतात, स्लेडमध्ये त्यांच्या जागी तीन वजनं. आम्ही त्यांना वेटच म्हणतो. पुली फिरायला लागली की वेट बाहेर फेकले जातात आणि पुलीच्या दोन थाळ्या एकमेकींकडे दाबतात. बेल्ट वर चढतो आणि गाडी वरच्या गिअरमध्ये जाते. वेट जितके जड तितका दाब जास्त, तितक्या लवकर वरचा गिअर. म्हणजे पूर्ण रेसवर इंजिन किती आरपीएमला स्थिर राहणार, हे एकटं इंजिन ठरवत नाही. ते मुख्यतः या तीन वेटचे ग्रॅम ठरवतात. स्लेड घेणाऱ्यांतले कितीतरी जण हे जाणत नाहीत आणि आरपीएम कमी दिसले की इंजिन उघडायला निघतात.

आणि इथेच "ही कुठून आणलीस" या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळतं. उंचीवर हवा विरळ होते. ढोबळ हिशेब असा की दर हजार फुटांना इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद जाते. दोन हजार मीटरवर, म्हणजे साडेसहा हजार फुटांवर, जवळपास पाचवा हिस्सा गेलेला असतो. खाली दीडशे हॉर्सपॉवर देणारं इंजिन वर १२० देतं. पण वेट तेच राहिले तर ते पूर्वीइतक्याच जोराने दाबत राहतात. दमलेल्या इंजिनावर भरलेल्या गाडीचा वरचा गिअर टाकल्यासारखं होतं. टू-स्ट्रोकचं दुर्दैव असं की त्याचा एक्झॉस्ट पाइप एका अरुंद पट्ट्यातच जोर देतो. आरपीएम त्या पट्ट्याच्या चार-पाचशे खाली राहिले की ताकद नुसती थोडी कमी होत नाही, कोसळते.

क्लचचं कव्हर काढलं. कव्हरच्या आतल्या बाजूला कंपनीचा तक्ता चिकटवलेला असतो: इतक्या फुटांपासून इतक्या फुटांपर्यंत अमुक वेट, अमुक स्प्रिंग. या गाडीवरचा तक्ता बेल्टच्या काळ्या भुकटीने झाकला गेला होता. फडक्याने पुसल्यावर आकडे दिसले. तिन्ही वेट बाहेर काढले. उस्तादांकडे ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्यावर एकेक ठेवला. तक्त्यात आमच्या उंचीला जे वजन दिलं होतं, त्यापेक्षा प्रत्येक वेट पाच ग्रॅमच्या आसपास जड. ते कंपनीचेच वेट होते, फक्त तक्त्यातल्या सर्वांत खालच्या ओळीतले, समुद्रसपाटीजवळ चालवायचे. गाडी डोंगरी मॉडेलची, पण मागच्या मालकाने ती सपाटीसाठी लावून घेतली होती. त्याच्या जागी त्याचं अगदी बरोबर होतं. विकताना तो सांगायला विसरला, आणि पोराला विचारायचं माहीत नव्हतं.

तळहातावर ठेवले तर पाच ग्रॅमचा फरक जाणवतही नाही. पण या प्रकारच्या क्लचमध्ये एका ग्रॅममागे साधारण शंभर आरपीएमचा फरक पडतो. पाच ग्रॅम म्हणजे पाचशे. काटा ७,५०० वर होता.

वेट बदलताना पुलीच्या थाळ्याही बघितल्या. त्यांवर बेल्ट घसरून तयार झालेले चकाकते पट्टे होते. तेही हिरव्या घासणीने घासून काढले, कारण गुळगुळीत थाळीवर बेल्ट पकड घेत नाही आणि घसरणारा बेल्ट पुन्हा उष्णताच तयार करतो. आमच्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे, तरी उस्ताद फेरी संपली की इंजिन बंद करून अजून पुलीला हातच लावतात. हात ठेवता आला तर ठीक. चटका बसून मागे आला तर बेल्ट घसरतोय. यंत्राचा आकडा ते नंतर बघतात आणि तो बहुधा त्यांच्या हाताशी जुळतो.

त्या फेरीला पोरगा स्वतः चालवत होता, आम्ही दोघं उताराच्या कडेला सुरक्षित जागी थांबलो होतो. टू-स्ट्रोकचा आवाज ओळखायला काटा लागत नाही. जड, भरलेल्या घशाचा तो आवाज या वेळी नव्हता. सूर चढला, ताणला गेला आणि एका जागी स्थिर राहिला. ट्रॅकमागून उडणारा बर्फही दुप्पट उंच. चढाचा माथा गाठून तो थांबला. ८,०००, कधी पन्नास वर, कधी पन्नास खाली. तापमान मऊ बर्फात असावं तेवढंच.

हे सगळं इतक्या बारकाईने का करायचं, असं मला कधी कधी घरचे फोनवर विचारतात. खेळण्याचीच गाडी ना? ज्याने हे डोंगर पाहिलेत तो असं विचारणार नाही. उतारावर अर्ध्यात दम टाकणारी स्लेड बर्फात रुतते. चालवणारा खाली उतरतो, खणायला लागतो, खालून मित्र मदतीला वर येतो, आणि एकाच उतारावर दोन माणसं, दोन गाड्या होतात. हिमस्खलनाच्या प्रदेशातला पहिला धडा म्हणजे एका उतारावर एका वेळी एकच माणूस. मार्च २०१० मध्ये याच बोल्डर पर्वतावर, मोठ्या संख्येने स्लेडवाले जमलेले असताना, वरून बर्फ सुटला आणि दोन माणसं गेली. त्या घटनेचं कारण गाडीतला बिघाड नव्हता. पण रुतलेली गाडी माणसाला नको त्या जागी, नको तितका वेळ अडकवून ठेवते, हे इथला प्रत्येक मेकॅनिक मनात धरून काम करतो. ७,३०० आणि ८,००० यांतला फरक आम्हाला म्हणूनच नुसता आकडा वाटत नाही.

या यंत्राचा जन्मही गरजेतून झालेला आहे. क्वेबेकच्या व्हालकूर गावातल्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या मेकॅनिकचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात गेला, कारण बर्फाने रस्ते बंद होते आणि त्याला दवाखान्यात नेता आलं नाही. बर्फावर चालणारी गाडी तयार करण्याचा त्याचा ध्यास आधीपासूनचा होता. १९३७ मध्ये त्याला ट्रॅकच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि १९५९ मध्ये एका-दोघांना बसता येईल अशी हलकी स्की-डू बाजारात आली. ती डोंगरासाठी बनलेली नव्हती. लांब ट्रॅकच्या, खास डोंगरासाठी बांधलेल्या स्लेडची वेगळी मॉडेलं कारखान्यांतून रुळली ती १९९० च्या दशकात. पण सेकंडहँड बाजारात गाडी आजही सपाटीवरून डोंगरात आणि डोंगरातून सपाटीवर विकली जाते, आणि वेट बदलायची आठवण फार थोड्यांना राहते.

त्या पोराच्या बिलात वेट, फ्लॅप, स्क्रॅचर, कूलंट आणि मजुरी एवढंच होतं. पोराने पावत्यांच्या पाकिटात तेही ठेवलं. गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी उस्तादांनी क्लचचं कव्हर पुन्हा काढायला लावलं आणि तक्त्याच्या खाली मार्करने लिहिलं: कोणत्या उंचीसाठी, किती ग्रॅमचे वेट, पूर्ण रेसवर किती आरपीएम, महिना आणि साल. जुने तीन वेट त्यांनी झिपच्या पिशवीत घातले आणि पोराच्या हातात ठेवले.

"हे आता कशाला?" त्याने विचारलं.

"घरी जाऊन शेतावर चालवणार नाहीस?"

"चालवणार की."

"मग तिकडे हलके वेट चालायचे नाहीत. खाली हवा दाट, इंजिनात ताकद जास्त, वेट हलके. काटा आठ हजारांच्या वर पळेल आणि इंजिनाची वाट लागेल. घरी गेलास की आधी हे परत बसव, मग गाडी सुरू कर. आणि विकशील तेव्हा वेटचे दोन्ही संच घेणाऱ्याच्या हातात दे."

पोराने पिशवी सीटखालच्या कप्प्यात टाकली, कव्हर स्वतःच्या हाताने बसवलं आणि त्याची क्लिप दोनदा ओढून पाहिली.